पावतीवर न येणारे अन्न

चाड देशाच्या पूर्व सीमेजवळ ब्रेजिंग नावाची निर्वासितांची छावणी आहे. दारफूरमधल्या हिंसाचारातून जीव वाचवून पळालेली सुदानी माणसे २००४ पासून तिथे तंबूंत राहू लागली. त्याच सुमारास पीटर मेंझेल हे छायाचित्रकार आणि त्यांच्या लेखिका पत्नी फेथ डी'अलुइसिओ जगभर फिरत होते. चोवीस देशांतल्या तीस कुटुंबांचे आठवडाभराचे अन्न त्यांनी त्या त्या कुटुंबाच्या घरात किंवा दारात मांडले, छायाचित्रे काढली आणि वस्तूवार किमती लिहून घेतल्या. त्यातून २००५ साली 'हंग्री प्लॅनेट' हे पुस्तक निघाले. त्यात ब्रेजिंगमधली एक विधवा आई आणि तिची पाच मुले आहेत. सहा माणसांचा आठवड्याचा खर्च लिहिला आहे १ डॉलर २३ सेंट. उत्तर जर्मनीतल्या चौघांच्या एका कुटुंबाचा त्याच पुस्तकातला खर्च आहे ५०० डॉलर.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पुढे पुष्कळांनी पुष्कळ लिहिले. आकडे फिरत राहिले, पण त्यांच्याखालची यादी फारशी कुणी वाचली नाही. ती वाचण्यासारखी आहे. त्या सव्वा डॉलरात त्या आईने थोडे वाळवलेले मांस, थोडी सुकी मासळी, कांदे, लसूण, सुकी भेंडी, सुक्या मिरच्या, सुके टोमॅटो आणि पाच छोटी लिंबे घेतली होती. म्हणजे नुसते कालवणाचे सामान. कालवण ज्याच्याशी खायचे ते या खर्चात धरलेलेच नाही. अठराएक किलो ज्वारी, दोनेक किलो कडधान्य, तितकेच मका-सोयाबीनचे पीठ, तेल, साखर, मीठ हा सगळा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा शिधा होता. ज्वारी मिळायची ती अख्खी. ती दळायची, पिठाचा घट्ट गोळा शिजवायचा आणि भेंडीच्या कालवणाशी खायचा. निर्वासितांच्या छावण्यांत दळणालाही पैसे पडतात आणि पैसे नसले की शिध्यातलेच माप-दोन माप धान्य गिरणीवाल्याला द्यावे लागते. सोलापूर-बार्शीकडच्या वाचकाला या घरची अडचण समजावून सांगायला नको. घरात ज्वारी आहे, दळणाला पैसे नाहीत आणि कोरड्यासाला काय करायचे हा प्रश्न आहे, ही स्थिती आपल्याकडच्या दुष्काळी वर्षांनी पाहिलेली आहे.

तेव्हा १.२३ डॉलर हा त्या सहा जणांच्या अन्नाचा खर्च नव्हेच. आईच्या हाती जी रोकड होती तिच्यात काय बसले, एवढेच तो आकडा सांगतो. जगातल्या कुटुंबांचे खाणे आणि त्याचा खर्च या विषयात शिरताना मला वाचकाला एकच गोष्ट आधी सांगायची आहे. कोणत्याही घराची पावती हाती आली की तिच्यावर काय आलेले नाही ते पाहावे. शेतातून आलेले पावतीवर नसते. सरकारने दिलेले नसते. घरातल्या बाईच्या कष्टाने झालेले नसते. आणि परवडले नाही म्हणून जे आणलेच नाही, त्याची तर कुठेच नोंद नसते.

शेताचे उदाहरण त्याच पुस्तकात आहे. भूतानमधल्या एका खेड्यातले तेरा माणसांचे कुटुंब आठवड्याला जेमतेम पाच डॉलर खर्च करते. या घराची स्थिती ब्रेजिंगमधल्या घरासारखी मुळीच नाही. त्यांचा लाल तांदूळ स्वतःच्या शेतातला आहे, भाजीपाला घरचा आहे आणि बाजारातून मीठ-तेलासारख्या मोजक्याच वस्तू येतात. शेतावर राबणारे हात, बियाणे, गुरे, शेणखत, पावसाची वाट पाहण्यात गेलेले दिवस यांची किंमत कुणी लावलेली नाही. आपल्याकडे कोकणातून मुंबईला येणारे तांदळाचे गाठोडे, कुळीथ, सोले आणि आंबोशी यांचीही अशीच कुठे नोंद होत नाही. गिरणगावातली कित्येक घरे त्या गाठोड्यावर महिना ढकलत असत. पगाराच्या आकड्यावरून त्या घरांचे खाणे ठरवायला गेलो तर हिशेब चुकतो.

पुस्तकात भारतातले जे कुटुंब आहे ते उज्जैनचे आहे आणि त्याचे आडनाव मराठी आहे. शिंदे-होळकरांच्या काळापासून माळव्यात मराठी घरे आहेत, त्यामुळे यात नवल नाही. त्यांचा आठवड्याचा खर्च सुमारे ३९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण सोळा-सतराशे रुपये. अमेरिकेत ३९ डॉलरमध्ये त्या काळीही चौघांचा आठवडा निघाला नसता. उज्जैनमध्ये तेवढ्यात धान्य, डाळी, दूधदुभते, भाज्या आणि फळे असे भरलेले ताट होते. डॉलरमध्ये बदललेला आकडा म्हणून फसवा असतो. गरीब देशात भाजी स्वस्त असते, कारण ती पिकवणाऱ्याच्या, खुडणाऱ्याच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईच्या दिवसाची किंमत फार कमी धरलेली असते. तेल आणि गहू यांचे तसे नसते. ते जगाच्या बाजारात विकले जातात आणि तिथला भाव गरिबालाही द्यावाच लागतो. इंडोनेशियाने एप्रिल २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, त्या वेळी युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफुलाचे तेलही अडले होते. निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणणाऱ्या आपल्या देशातल्या गृहिणींनी फोडणीचे तेल मोजून घालायला सुरुवात केली ती अशा दूरच्या कारणांनी.

खर्चाच्या रकमेपेक्षा उत्पन्नातला तिचा वाटा पाहावा, हे फार जुने शहाणपण आहे. सॅक्सनीचे संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि एक नियम मांडला: कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. दीडशेहून अधिक वर्षे झाली, हा नियम जवळपास प्रत्येक देशात खरा ठरत आला आहे. चीनमध्ये १९७८ साली ग्रामीण घरांच्या खर्चातला ६७.७ टक्के आणि शहरी घरांच्या खर्चातला ५७.५ टक्के भाग खाण्यावर जात होता. २०१९ मध्ये साऱ्या देशाचे प्रमाण २८.२ टक्क्यांवर आले. भारतात २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत खेड्यांत ४७ टक्के आणि शहरांत जवळपास ४० टक्के खर्च अन्नावर दिसला. नायजेरियात हा वाटा निम्म्याच्या वर आहे. अमेरिकेत घरी खाण्यासाठी आणलेल्या अन्नावर खर्चाचा सातेक टक्केच भाग जातो. तिथे बाहेर खाण्यावरचा खर्च घरच्या खाण्याहून जास्त आहे आणि तो या सात टक्क्यांत धरलेला नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

या वाट्याचा अर्थ भाववाढीच्या महिन्यात कळतो. ज्या घराचा साठ टक्के खर्च खाण्यावर होतो, तिथे अन्न वीस टक्क्यांनी महागले की सगळ्या खर्चात बारा टक्क्यांचे भोक पडते. ते बुजवायला दूध अर्ध्यावर येते, मग डाळ पातळ होते, मग मुलाची शिकवणी बंद होते, मग दवाखाना पुढच्या महिन्यावर जातो. सात टक्के खर्च करणाऱ्या घराला तीच भाववाढ दीड टक्क्याचीही पडत नाही. बातमीत दोन्ही घरांसाठी महागाईचा आकडा एकच छापलेला असतो.

गरिबी मोजणाऱ्यांनीही सुरुवात ताटापासूनच केली. सीबॉम राउंट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहराची घरोघर पाहणी केली. माणूस नुसता कामाला उभा राहील एवढे अन्न किती पैशांत येते, हे त्यांनी काढले. त्या आहारात ताजे मांस नव्हते. अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रयगृहातले जेवणही त्याहून बरे होते. तरीही तेवढेसुद्धा न परवडणारी माणसे यॉर्कमध्ये हजारोंनी निघाली. अमेरिकेत मॉली ऑर्शान्स्की यांनी १९६०च्या दशकात काटकसरीच्या जेवणाचा खर्च धरला आणि त्याला तीनने गुणले, कारण तेव्हाच्या पाहणीनुसार अमेरिकन घरे उत्पन्नाचा तिसरा हिस्सा खाण्यावर घालवत. आज ती तिसऱ्या हिश्शाच्या कितीतरी खाली आली आहेत. घरभाडे, औषधपाणी आणि मुलांचा सांभाळ यांचे खर्च आभाळाला भिडले आहेत. पण त्या देशाची अधिकृत दारिद्र्यरेषा अजून त्या जुन्या गुणाकारावरच उभी आहे.

गरिबी कशी मोजायची याचा आपल्याकडचा वाद पुण्यात रंगला, आणि तो मराठी वाचकाला माहीत असायलाच हवा. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर लोक प्रत्यक्षात घेतात, ती पातळी त्यांनी रेषा मानली. १९६०-६१ च्या किमतींनी ती खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये होती. त्याही खाली देशातली कोट्यवधी माणसे होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या मापालाच हरकत घेतली. ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोममध्ये, संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी जवळजवळ दोन दशके वाहिली होती. त्यांचे म्हणणे असे की एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक खालीवर होते आणि शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, त्यामुळे सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण अर्धपोटी आहे असे धरणे चूक आहे. खाल्लेले अंगी लागायचे तर पाणी स्वच्छ हवे, पोटात जंत नकोत, घराभोवती घाण नको, यावर ते सतत भर देत. दांडेकरांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना सविस्तर उत्तरे दिली. कमी अन्नावर माणूस जगतो हे खरे, पण त्याची भरपाई तो कशातून करतो हे विचारायला हवे, असा त्या उत्तरांचा रोख मला जाणवतो. पाण्याबद्दल आणि रोगराईबद्दल सुखात्मे बरोबर होते, आणि त्या बाबतीत आपण त्यांचे पुरेसे ऐकले नाही. पण शरीर जुळवून घेते ते कामाचा वेग कमी करून आणि लेकरांची वाढ खुंटवून. तो खर्चही कुठल्या पावतीवर येत नाही, म्हणून माझे माप दांडेकरांच्या बाजूने झुकते. पुढे २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने दारिद्र्यरेषा उष्मांकांच्या मापापासून सोडवली.

एंगेलचा नियम सरळ असला तरी घरे तितकी सरळ नसतात. जपानकडे पाहा. तिथले सांख्यिकी कार्यालय सुमारे नऊ हजार घरांकडून रोजच्या रोज खर्च लिहून घेते. जपानी घराला या लिहिण्याची सवय आहे. पत्रकार हानी मोतोको यांनी १९०४ मध्ये छापील घरखर्चाची वही काढली, तेव्हापासून तशा वह्या तिथे दरवर्षी विकल्या जातात. या नोंदींनुसार २०२४ मध्ये दोन किंवा अधिक माणसांच्या घरांत अन्नाचा वाटा २८.३ टक्के झाला. एवढा तो त्याआधीच्या चार दशकांत कधी नव्हता. जपान गरीब देश नाही. पण पगार अडून राहिले, अन्नाचा मोठा भाग बाहेरून येतो आणि येनचा भाव पडला. शिवाय वृद्धांची घरे वाढली, ज्यांचा बाकी खर्च आटतो पण जेवण चुकत नाही. नवरा-बायको दोघेही कामावर जाऊ लागल्याने शिजवलेले डबे घरी आणणेही वाढले. २०२५ मध्ये पाच किलो तांदळाची पिशवी वर्षात दुपटीच्या घरात जाऊन चार हजार येनपार गेली. आपल्याला समर्थकांकडून तांदूळ भेट येतो, विकत घ्यावाच लागत नाही, असे बोलून गेलेल्या कृषिमंत्र्यांना मे महिन्यात पद सोडावे लागले आणि सरकारने राखीव साठ्यातला जुना तांदूळ दुकानांत उतरवला. रोजच्या भाताचा भाव हा सरकारच्या अब्रूचा प्रश्न होतो, याचे इतके ताजे उदाहरण दुसरे नाही.

इजिप्तमधल्या कैरोत ही अब्रू रोटीच्या भावाला बांधलेली आहे. तिथली गव्हाच्या कोंड्यासकट पिठाची, फुगलेली, पोकळ, गोल रोटी सकाळी भट्टीतून निघते आणि लोक ती उघड्या जाळीवर, वर्तमानपत्रावर, गाडीच्या टपावर निववतात. तिच्यात शिजवलेला बाकला किंवा त्याचेच तळलेले वडे घालून न्याहारी होते. राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारने जानेवारी १९७७ मध्ये अनुदान कापण्याचे जाहीर केले, तेव्हा १८ आणि १९ तारखेला शहरे पेटली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्या धड्यानंतर भावाला हात लावताना सरकारे फार जपून राहिली. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी रोटी पाच पियास्टरलाच राहिली. पैसे वाढले नाहीत, पण रोटीचे वजन कमी होत गेले आणि २०२० मध्ये ते नव्वद ग्रॅमवर आले. १ जून २०२४ पासून भाव वीस पियास्टर झाला. तोवर एका रोटीला सरकारला सव्वा पौंड पडतो, म्हणजे घेणाऱ्याच्या पाच पियास्टरच्या पंचवीसपट, असे खुद्द पंतप्रधान सांगत होते. कार्डावर माणशी दिवसाला पाच रोट्या मिळतात आणि सहा-सात कोटी लोक त्या घेतात.

इजिप्तच्या कुटुंबाचा खर्च वाचताना ही रोटी धरायची की नाही? धरली नाही तर ते घर कशावर जगते तेच कळणार नाही. धरली तर विचारावे लागते की मग सरकार काय सोडते. ज्या पैशांतून रोटी स्वस्त होते, त्याच पैशांवर शाळेचा आणि दवाखान्याचाही हक्क असतो. बराचसा गहू रशिया-युक्रेनकडून येतो आणि डॉलरमध्ये घ्यावा लागतो. तरीही मी या रोटीच्या बाजूने उभा राहीन. ज्या बाईकडे पाच माणसांच्या पंचवीस रोट्यांची खात्री आहे, तिला उरलेल्या पैशांत बाकला, कांदा, टोमॅटो यांचा विचार करता येतो. खात्री गेली की तो विचारही जातो. आपल्याकडच्या रेशनचेही हेच मोल आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालचे माणशी पाच किलो धान्य २०२३ पासून मोफत झाले. ते घेणाऱ्या घरांना दुकानदार माप कमी देतो, अंगठा उमटत नाही, तांदळात खडे निघतात, ही सगळी गाऱ्हाणी खरी आहेत. पण त्याआधी, कोरोनाच्या टाळेबंदीच्या महिन्यांत रेशनच्या धान्याशिवाय काय झाले असते, ते त्याच घरांना विचारावे.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुतमध्ये अंतराचाच खर्च आहे. तिथल्या पंचवीस वस्त्यांपैकी एकीलाही बाहेरून रस्ता नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळले की जहाजे येतात, एरवी विमान. दूध, फळे, पीठ दक्षिणेतल्या भावाच्या दुपटी-तिपटीने विकले जाते आणि सरकारी अनुदानानेही ते झाकले जात नाही. २०१२ मध्ये तिथल्या इनुइट बायका-पुरुषांनी दुकानांसमोर उभे राहून निषेध केला. वाचणाऱ्याला वाटेल, समोर सील आहेत, रेनडिअरच्या जातीचे कॅरिबू आहेत, मासे आहेत, ते खावे. ते खातातच, आणि ते अन्न दुकानातल्या कुठल्याही डब्याहून सकस आहे. पण शिकारीला बर्फगाडी लागते, पेट्रोल लागते, काडतुसे लागतात. हा पैसा पूर्वी सीलचे कातडे विकून येई. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइटांची शिकार बंदीतून वगळली होती, पण बाजारच कोसळला आणि त्यांच्या कातड्यांनाही गिऱ्हाईक उरले नाही. दूरवरच्या दयाळू माणसांनी प्राण्यांसाठी केलेल्या कायद्याने या घरांतले मांस कमी झाले आणि बिस्किटे वाढली. आहार बदलतो तेव्हा लोकांची आवड बदलली असे आपण चटकन म्हणतो. बहुतेक वेळा पैशाची एखादी वाट बंद झालेली असते.

आता बाईच्या कष्टांकडे येतो, कारण या विषयावरच्या लेखनात ते सर्वांत कमी मोजले जातात. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून, दगडी पाट्यावर वाटून त्याच्या पोळ्या करतात. चुन्याने साल सुटते आणि मक्यातले एक जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. ही रीत न घेता नुसता मका घेऊन गेलेल्या युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने गाठले. मेक्सिकोच्या बायकांनी ते ज्ञान हजारो वर्षे टिकवले, पण त्यासाठी गुडघ्यांवर बसून रोजचे चार-पाच तास वाटण करावे लागे. विसाव्या शतकात गिरण्या गावोगाव पोचल्या तेव्हा ते तास सुटले. आपल्याकडे पहाटेच्या जात्याने हेच घेतले आणि त्या कष्टांतून ओव्या दिल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्या ओव्यांवर आपण प्रेम करतो, करावेच. पण एवढ्या ओव्या होण्याइतके दळण किती पिढ्यांनी फुकट दळले, हेही त्याच संग्रहातून दिसते. दळण आता गिरणीत गेले, पुष्कळ घरांतली चूल गेली, तरी हिशेब फार बदललेला नाही. २०२४ च्या भारतीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा बिनपगारी घरकामाचा वेळ सरासरी २८९ मिनिटे निघाला. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे.

म्हणून 'घरी केलेले स्वस्त पडते' हे वाक्य मी फार जपून वापरतो. ते कुणाच्या वेळेच्या जिवावर स्वस्त पडते, हे सोबत सांगायला हवे. मुंबईत सकाळची सहा-बावन्नची लोकल गाठणारी बाई रात्री डाळ भिजवू शकली नाही आणि मुलाला तयार पुडा दिला, तर त्यात तिच्या अज्ञानाचा भाग थोडा असतो. तिच्याकडे वेळ नसतो, आणि पुडा पाच-दहा रुपयांत मिळतो.

पुड्यांचा हा मुद्दा साधा नाही. भारताच्या ग्रामीण घरांत १९९९-२००० मध्ये खर्चाचा २२ टक्के भाग धान्यावर जात होता. २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्याही खाली आला. सुटलेल्या पैशांतला काही दूध, अंडी, फळे यांच्याकडे गेला, ही चांगली गोष्ट झाली. पण पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांच्यावरच आता ग्रामीण खर्चाचा साडेनऊ टक्क्यांहून जास्त भाग जातो, म्हणजे धान्याच्या जवळजवळ दुप्पट. मेक्सिकोने हे आधी भोगले आणि जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर बसवला. आपण अजून त्या रस्त्याच्या सुरुवातीला आहोत आणि शेजारच्याची चूक बघून शहाणे होण्याची संधी आपल्याला आहे.

महाराष्ट्राच्या ताटाने तर दोन पिढ्यांत दिशाच बदलली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातला लाल मिलो (ज्वारीचाच प्रकार) आला, कामावरच्या मजुरांना सुकडी मिळाली, आणि ज्यांनी तो मिलो खाल्ला त्यांच्या तोंडची त्याची चव अजून गेलेली नाही. पुढे रेशनने गहू-तांदूळ घरोघर पोचवला. ज्वारीची काढणी कष्टाची, मजुरी महाग, हमी कमी. क्षेत्र आटत गेले. आज पुण्याच्या बाजारात चांगला शाळू गव्हाइतका किंवा गव्हाहून महाग मिळतो. गरिबाची म्हणून ओळखलेली भाकरी आता हॉटेलात वेगळे पैसे मोजून मागवावी लागते, आणि जिच्या शेतात ज्वारी होत असे ती बाई रेशनच्या गव्हाची चपाती लाटते. ब्रेजिंगच्या छावणीतली ज्वारी म्हणजे दैन्य आणि पुण्याच्या दुकानातली ज्वारी म्हणजे आरोग्य. धान्य तेच आहे.

शेवटी न आणलेल्या वस्तूंविषयी. अन्न व कृषी संघटना आणि तिच्या सहकारी संस्था २०२० पासून सकस आहाराचा खर्च देशोदेशी मोजतात. पोट भरण्यापुरता पिष्टमय आहार आणि भाज्या, फळे, कडधान्ये, दूध-मांस-अंडी असलेला सकस आहार यांत सुमारे पाचपट फरक त्यांना आढळला. कारण समजण्यासारखे आहे. धान्य वाळते, टिकते, पोत्यात भरून दूर जाते आणि त्याच्यावरच सरकारे अनुदान देतात. पालेभाजी दुपारी सुकते, दूध नासते, मासळीला बर्फ लागतो. २०२४ मध्ये सकस आहाराचा जागतिक सरासरी खर्च, क्रयशक्तीच्या हिशेबाने, माणशी दिवसाला ४.४६ डॉलर होता आणि २६० कोटी माणसांना तो परवडत नव्हता. हे २६० कोटी सगळेच उपाशी नाहीत. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या ताटात भात आहे, पोळी आहे, रताळे किंवा कसावा आहे. नाही ते वरण, फळ, अंडे आणि हिरवी भाजी. पोट भरल्यामुळे ही उणीव कुणाला दिसत नाही, आणि ज्या घरात आई मुलांच्या ताटात वाढून उरलेले खाते त्या घरात ती आईच्या वाट्याला सर्वांत आधी येते.

पुढच्या पानांत निरनिराळ्या देशांतली घरे भेटतील, त्यांचे बाजार आणि त्यांचे आकडे भेटतील. त्याआधी वाचकाला एक विनंती आहे. आपल्या घरात एका आठवड्यात आलेल्या अन्नाची यादी एका कागदावर लिहावी. दुकानातून, मंडईतून, फोनवरून मागवून, बाहेर खाऊन जे झाले ते सगळे लिहावे. त्याखाली गावाकडून काय आले, रेशनवर काय आले, शेजारून वाटीभर काय आले ते लिहावे. कोणी किती तास निवडले, चिरले, शिजवले, भांडी घासली तेही लिहावे, आणि पगारी बाई असेल तर तिला किती दिले तेही. शेवटी, भाव ऐकून पिशवीत न घातलेल्या वस्तूंची नावे लिहावीत. ही यादी घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला दाखवून दुरुस्त करून घ्यावी आणि मग पुढे वाचायला लागावे.